स्केल्बीचा भूतकाळ

१

चांदीचा राजदंड हॅडॉक माशांच्या बर्फाखाली सापडला तेव्हा रूबी कपलडिच हसली, आणि तेच तिला नडलं.

मंगळवारची सकाळ होती. स्केल्बीच्या धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये बायका रबरी एप्रन लावून मासे चिरत उभ्या होत्या. इन्स्पेक्टर हॉल्डन दोन शिपायांसह आत आला, कुणाकडे न बघता थेट रूबीच्या टेबलामागच्या बर्फाच्या पेटीपाशी गेला आणि फावडं मागितलं. तिसऱ्या-चौथ्या फावड्याला मेणकापडाचं लांबट गाठोडं वर आलं. आत नगरपालिकेचा राजदंड होता. रविवारी नगरभवनातल्या काचेच्या कपाटातून नाहीसा झालेला.

"अगं बाई!" रूबी म्हणाली. "मला वाटलं, आज हॅडॉक भलताच लांब निघाला!"

सगळी शेड खदखदून हसली. इन्स्पेक्टरचा चेहरा लाल झाला. "हसा," तो म्हणाला. "ठाण्यात येऊन हसा."

त्याच्या मागे सार्जंट ग्लेनिस मॉल्टबी उभी होती. तिला हसू आलं नाही. ह्याच शेडमध्ये, रूबीच्या शेजारच्या टेबलावर, तिची आई मरेपर्यंत मासे चिरत होती. आईच्या मागे रूबी आंटीनंच तिला जेवू घातलं होतं, आणि आता तिलाच त्या आंटीच्या दंडाला धरून गाडीत बसवायचं होतं.

"धर, पोरी, धर," रूबी हात पुढे करून म्हणाली. "पण माझी सुरी कुणाला देऊ नका म्हणावं. गुरुवारी संध्याकाळी नगरसभेत बोलून आले की लागेल मला."

गुरुवारी संध्याकाळी! पूल स्ट्रीटचा जुना पोहण्याचा तलाव बंद करून तिथं गाड्यांचा तळ करायचा की नाही, ह्याचा निकाल त्या संध्याकाळी लागणार होता. धक्क्यावरच्या बायकांच्या वतीनं रूबीच बोलणार होती. मागच्या सभेत ती उठून म्हणाली होती, "तुम्ही ह्या गावासाठी काही केलेलं नाही." इंग्रजीत तिनं म्हटलं होतं, 'यू डन नथिंग'. त्यावर नगरसेवक ऑब्रे पेंड्रेड खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "'डिड', मिसेस कपलडिच. 'डू'चा भूतकाळ 'डिड'." सभागृह हसलं. हसणं थांबेपर्यंत रूबी उभी राहिली. मग म्हणाली, "शब्द माझा चुकला असेल साहेब, पण तुम्ही केलं तर नाहीच ना काही?"

गावच्या वर्तमानपत्रानं पहिलं वाक्य छापलं, दुसरं गाळलं.

आता गुरुवारी ती कोठडीत असणार होती. आणि कुणीतरी हे असं घडवून आणलं होतं.

२

ठाण्यात फोनला एक रेकॉर्डिंगचं यंत्र जोडलेलं होतं. भल्या पहाटे कुणीतरी त्यावर निरोप ठेवला होता. त्याच निरोपावरून इन्स्पेक्टर सरळ बर्फाच्या पेटीपाशी गेला होता. त्यानं ग्लेनिसला टेप ऐकवली.

तोंडावर रुमाल धरल्यासारखा घोगरा, कुजबुजता आवाज. बाईचा की पुरुषाचा, ते कळेना.

"रूबी डन इट. आय सीन हर. व्हेअर डन शी पुट इट? इन द आइस, बाय हर टेबल. इट्स लेन देअर सिन्स संडे."

रूबीनंच केलं. मी पाहिलं तिला. कुठं ठेवलं? बर्फात, तिच्या टेबलापाशी. रविवारपासून तिथंच पडून आहे.

"तुमच्याच गल्लीतलं कुणीतरी," इन्स्पेक्टर म्हणाला. "बोलणं ऐकलंस ना? 'डन' काय, 'सीन' काय. शाळेत गेलेला माणूस असं बोलतो का?"

ग्लेनिसनं टेप मागे फिरवली. पोलिसी शिक्षणाच्या वेळी तिनं स्वतःच्या तोंडातून असले शब्द एकेक करून उपटून काढले होते. वरिष्ठांसमोर ती इतकी जपून बोलायची की शिपाई तिला पाठीमागे 'राणीसाहेब' म्हणायचे. पण ती टेप ऐकताना तिच्या घशात मासळीचा काटा अडकल्यासारखं झालं. काहीतरी टोचत होतं. काय, ते सापडेना.

चहाचा मग घेऊन ती कोठडीत गेली. रूबी बाकावर गमबूट घालून बसली होती. इतका वेळ टिकवलेला तोरा उतरला होता.

"फोन करणारा आपल्यातला आहे म्हणतोय तुझा साहेब," ती म्हणाली. "त्या चोरीबिरीचं मला काही नाही गं. पण आपल्यातलं कुणी माझ्यावर उठेल? पेगी? डॉट? कुणाकुणाची बाळंतपणं केली मी, आणि…"

"आंटी, पेटीतला बर्फ कधी बदलता तुम्ही?"

"सोमवारी दुपारी. जुना सगळा उपसून फेकायचा, पेट्या घासायच्या. तुला माहीत नाही? लहानपणी त्याच बर्फावर घसरून पडायचीस."

म्हणजे रविवारपासून तिथं काहीच पडून असणं शक्य नव्हतं. रात्री शेडला कुलूप असायचं. म्हणजे सोमवारी संध्याकाळीच कुणीतरी ते ठेवलं होतं, आणि त्या कुणाला तरी शेडचा रिवाज ठाऊक नव्हता.

"सोमवारी संध्याकाळी शेडमध्ये कोण आलं होतं?"

"कोण नाही आलं विचार. सह्या गोळा करायला आपले थ्वेट सर आले. पेंड्रेड आला होता, वर्तमानपत्राचा फोटोवाला घेऊन, मासळी कामगारांचा कसा कळवळा आहे ते दाखवायला. नगरपालिकेची ती टेनंटबाई आली, सभेची सूचना भिंतीला चिकटवायला." रूबीनं मग बाजूला ठेवला आणि एकाएकी तिचा आवाज चढला. मूळ इंग्रजीत ती जे ओरडली ते असं होतं: "आय डन नथिंग! व्हॉट डिड दे थिंक, आय'ड वेअर इट टू चर्च?" मी काही केलेलं नाही! त्यांना काय वाटलं, तो दंड मिरवत मी चर्चला जाईन?

ग्लेनिस दारातच थबकली.

"परत म्हणा, आंटी."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. तसंच्या तसं."

रूबीनं तसंच्या तसं म्हटलं. आणि तो काटा सुटला. ग्लेनिस धावतच वर गेली. टेपवरचा आवाज स्केल्बीचा नव्हता.

३

"व्याकरणावर खटला चालवू म्हणतेस?" इन्स्पेक्टर हॉल्डननं विचारलं.

"नाही साहेब. फक्त ऐका. 'केलं' म्हणायचं असतं तेव्हा आम्ही धक्क्यावरचे लोक 'डन' म्हणतो. 'रूबी डन इट'. ते ह्या निरोपात बरोबर आहे. पण प्रश्न विचारताना 'डिड' नुसतं टेकूला येतं, त्याला 'केलं' असा अर्थच नसतो. 'व्हेअर डिड शी पुट इट'. तिथं आम्ही कधीही, कुणीही, दारू पिऊन पडलेला माणूससुद्धा, 'डन' म्हणत नाही."

"एकाची जीभ घसरली असेल."

"तुमची कधी घसरते का साहेब? मराल पण तसं म्हणणार नाही. आम्हीही नाही. हा माणूस आमच्यासारखं बोलायला गेला. त्याला वाटलं, आम्ही अडाणी, म्हणजे जिथं तिथं 'डिड' काढून 'डन' घालायचं की झालं. आमच्या चुकीलाही नियम आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही."

इन्स्पेक्टरनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर 'आम्ही' म्हणाली होती.

"गुरुवारी दुपारपर्यंत," तो म्हणाला. "मग ती दंडाधिकाऱ्यापुढे जाईल."

रविवारी नगरभवन बंद असतं. त्या दिवशी तिथं फक्त तलाव बचाव समितीची बैठक होती, आणि कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्यावर टांगलेली असते हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बैठकीला रूबी होती, समितीचे चिटणीस थ्वेट सर होते, दार उघडून द्यायला मिस टेनंट होती, आणि आगाऊपणा करून डोकावायला पेंड्रेड आला होता. रूबी सोडली तर सोमवारी शेडमध्येही हेच तिघे गेले होते.

पेंड्रेड! ग्लेनिसला दुसरं नाव सुचेचना. दक्षिणेकडून आलेला, फर्निचरच्या दुकानाचा मालक, रूबीची नक्कल करून क्लबात टाळ्या घेणारा. ती त्याच्या दुकानात गेली तेव्हा तो एका सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

"बिचारी कपलडिच," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं हो. खरंच. पण अशा लोकांना व्यासपीठ दिलं की हे असं होतं."

"राजदंड शेवटचा कधी पाहिलात?"

"रविवारीच. बैठकीआधी. मखमलीवर पडलेला होता, नेहमीसारखा."

पण 'पडलेला होता' ह्यासाठी त्यानं जे इंग्रजी क्रियापद वापरलं ते होतं 'लेड'. बोलता बोलता पुन्हा एकदा तेच: "वर्षानुवर्षं तो तिथंच पडून आहे," आणि पुन्हा 'हॅज लेड'. ग्लेनिसच्या कानात शाळेतली घंटा वाजली. लाय, ले, लेन, म्हणजे पडून असणं. ले, लेड, लेड, म्हणजे ठेवणं. अर्धं इंग्लंड ह्या दोन क्रियापदांचा गुंता आयुष्यभर सोडवू शकत नाही. धक्क्यावर तर सगळ्याला 'लेड'च म्हणतात. आणि भर सभेत रूबीचा भूतकाळ सुधारणारा हा गृहस्थही तेच म्हणत होता!

तिला हसू फुटलं. पण गाडीपाशी पोचेपर्यंत ते ओसरलं. टेपवर शेवटी काय होतं?

ठाण्यात येऊन तिनं टेप पुन्हा लावली. घोगरा आवाज म्हणाला, "इट्स लेन देअर सिन्स संडे."

लेन. अगदी अचूक. पाठ्यपुस्तकातल्यासारखं.

माणूस सोंग घेऊन स्वतःच्या पायरीवरून खाली उतरू शकतो. पण जी पायरी त्याची नाहीच, तिच्यावर चुकूनही त्याचा पाय पडत नाही. पेंड्रेडच्या तोंडात 'लेन' हा शब्दच नव्हता. फोन करणाऱ्यानं जाणूनबुजून 'डन' घातलं, 'सीन' घातलं, आणि जिथं त्याचं स्वतःकडे लक्ष नव्हतं तिथं त्याच्या हाडात मुरलेली शुद्ध भाषा आपसूक बाहेर पडली.

पेंड्रेड सुटला. ग्लेनिसला त्याचा अजिबात आनंद झाला नाही.

४

मिस इशबेल टेनंट बुधवारी सकाळी नगरभवनातल्या तिच्या टेबलावर शिक्के मारत होती. ग्लासगोची बाई, वीस वर्षं स्केल्बीत राहूनही तिनं आपली बोली सोडली नव्हती.

"माझ्यावर संशय?" ती ताडकन म्हणाली. "किल्ली माझ्या ताब्यात म्हणून? बैठक संपायच्या आत मी घरी गेले होते. घरमालकिणीला विचारा!"

घरी गेले होते, हे ती म्हणाली 'आय हॅड वेंट' असं. 'गॉन'च्या जागी 'वेंट'. ग्लासगोत सर्रास म्हणतात तसं. राग आला की ती पूर्ण ग्लासगोची होत असे. कपाट रिकामं दिसलं त्याबद्दलही ती बोलली, आणि तेव्हाही तिच्या बोलण्यात 'लेन' कुठं आला नाही. घरमालकिणीनंही तिच्या येण्याची खात्री दिली.

"एक विचारू, मिस टेनंट? तुम्हाला कधी कुणी सुधारलं नाही?"

"सुधारायला एकजण आले होते," ती शिक्का आपटून म्हणाली. "तुमचे थ्वेट सर. पहिल्याच महिन्यात. मी त्यांना सांगितलं, माझ्या आईच्या भाषेला हात लावायचा नाही. परत आले नाहीत."

बाहेर पायरीवर ग्लेनिस थांबली. समोर समुद्रावरून धुकं येत होतं. जायचं कुठं हे तिला कळलं होतं, पण पाय उचलत नव्हता.

लायोनेल थ्वेट सरांनी तीस वर्षं स्केल्बीच्या पोरांना इंग्रजी शिकवलं होतं. ग्लेनिसला त्यांनी गो-वेंट-गॉन बाकावर उभं करून घोकायला लावलं होतं, आणि पोलिसात जायची शिफारसही त्यांनीच केली होती. तलाव वाचवायची चळवळ त्यांनी आणि रूबीनं मिळून उभी केली होती.

"ये, मॉल्टबी," त्यांनी दार उघडलं. "रूबीचं ऐकलं. भयंकर आहे." त्यांनी चहा ओतला, मनुकांचा पाव कापून त्यावर चीजचा तुकडा ठेवला. घर नीटनेटकं होतं, एकट्या माणसाचं.

"सर, सभेसाठी तुम्ही लिहून दिलेलं भाषण रविवारी रूबी आंटीनं परत केलं म्हणे."

"परत नाही केलं. चहाच्या कपाखाली ठेवलं." ते हसले, पण ओठांनीच. "रात्र रात्र बसून लिहिलं होतं मी. ती म्हणाली, 'लायोनेल, छान आहे, पण ही बाई मी नव्हे.' स्वतःच्या शब्दांत बोलणार म्हणे. पेंड्रेडसमोर!"

"तुम्हाला राग आला?"

"भीती वाटली." ते खिडकीशी गेले. तिथून धक्क्याचं काळं पाणी दिसत होतं. "तुला माहीत आहे मी हा तलाव का वाचवतोय? माझा धाकटा भाऊ, विल्फ्रेड. तेव्हा तलाव नव्हता. पोरं धक्क्यातच उड्या मारायची. एक दिवस तो वर आला नाही. भरतीचं पाणी उतरेपर्यंत सापडला नाही. आम्ही सगळे काठावर शोधत फिरत होतो, आणि तो इतका वेळ तिथंच, पायऱ्यांखाली, पडून होता."

तिथंच पडून होता. 'ही हॅड लेन देअर.' चाळीस-पन्नास वर्षांच्या दुःखातही क्रियापद जागच्या जागी.

ग्लेनिसच्या हातातला पाव तसाच राहिला.

५

तिला वाटलं, उठावं आणि निघून जावं. हा शब्द गावात आणखी चार जणांना येत असेल. डॉक्टरला, पाद्र्याला. पण ते रविवारी नगरभवनात नव्हते आणि सोमवारी शेडमध्येही नव्हते.

"सर," ती म्हणाली, "वर्गात तुम्ही आमची नक्कल करायचात. आठवतं?"

"फार दुष्ट होतो मी." सर कसनुसं हसले. "पण सगळे हसायचे."

"सगळे नाही. पण हुबेहूब करायचात, म्हणून विचारते. टेपवरचा आवाज कुणाचा ते ओळखायला मदत करा. 'तू काय पाहिलंस?' हे धक्क्यावरची बाई कसं विचारेल?"

सरांनी बोट वर केलं. वर्गात करायचे तसंच. आवाज खाली ओढला, जबडा सैल सोडला. "व्हॉट डन यू सी?"

ग्लेनिसनं पाव बशीत ठेवला.

"'व्हॉट डिड यू सी', सर," ग्लेनिस हळूच म्हणाली. "आम्हीही 'डिड'च म्हणतो."

"छे! तुम्ही लोक तर सगळीकडे…" ते बोलता बोलता थांबले.

"केलं, असं म्हणायचं असलं तरच 'डन'. प्रश्नाला टेकू द्यायचा असला की 'डिड'. शाळेचं तोंड न पाहिलेलं पोरसुद्धा तिथं चुकत नाही. तीस वर्षं तुम्ही आमच्या चुकांवर लाल रेघा ओढल्यात, सर. पण आम्ही बोलतो कसं, ते कधी ऐकलं नाहीत. स्केल्बीत असा प्रश्न विचारणारा एकच माणूस मला भेटला. तो आत्ता माझ्यासमोर उभा आहे, आणि त्याचाच आवाज ठाण्यातल्या टेपवर आहे."

थ्वेट सर खुर्चीत बसले. नाकबूल करतील असं तिला क्षणभर वाटलं. त्यांनी चष्मा काढला.

"टेपवर 'लेन' म्हणालो असेन मी. नाही?"

"हो सर."

"तोंडातच येईना 'लेड'. प्राण गेला तरी आलं नसतं." त्यांनी डोळे पुसले. "तिचं वाईट करायचं नव्हतं मला. शपथेवर सांगतो. फक्त गुरुवारची एक संध्याकाळ ती दूर राहिली असती. माझं भाषण मी वाचलं असतं. शुक्रवारी मी स्वतः येऊन तिला सोडवलं असतं."

"कसं सोडवलं असतंत?"

"ते तिला हसले असते, मॉल्टबी! मागच्या वेळी हसले तसे. आणि त्या हसण्यात तलाव गेला असता. मी तलाव वाचवत होतो."

"कुणापासून?"

"तिच्या तोंडापासून," ते ओरडले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून दचकले.

ग्लेनिस उठली. "ती रात्री कोठडीत रडली, सर. चोरीच्या आरोपानं नाही. आपल्याच गल्लीतल्या कुणीतरी आपल्याला धरून दिलं म्हणून. आमच्यातल्याच कुणाचा तरी आवाज काढून तुम्ही तिला सगळ्या गल्लीपासून तोडलंत. हे मात्र मी विसरायची नाही." तिनं खुंटीवरचा त्यांचा कोट काढून पुढे धरला. "चला. साहेबांना सांगा काय केलंत ते. शुद्ध भाषेत सांगा."

६

थ्वेट सरांचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यापुढे गेला आणि गुरुवारी दुपारी रूबी सुटली. कुणी केलं हे ऐकल्यावर ती पुन्हा बाकावर बसली.

"पेंड्रेड असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "त्याच्यावर चिडायची सवय आहे मला."

"घरी जाऊन जरा पडा आंटी. सभेत पेगी बोलेल."

"पेगी बोलेल? का? मी काय मेले?" रूबीनं गमबुटांचे पट्टे ओढले. "आणि घरीबिरी जात नाही. अशीच जाते. मासळीचा वास येऊ दे त्यांना."

सभागृह खच्चून भरलं होतं. धक्क्यावरच्या सगळ्या बायका एप्रनवरच आल्या होत्या. राजदंड पुन्हा मखमलीवर होता. रूबी उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"मी लांबण लावत नाही," ती म्हणाली. "त्या तलावाआधी आमची पोरं धक्क्यात बुडायची. नावं सांगते. टॉमी ब्लँचर्ड. माझी बहीण एल्सी. लीक बाईंचे दोघं, एकाच दिवशी." मग तिनं जरा दम घेतला. "विल्फ्रेड थ्वेट. ही सगळी 'ड्राउन्डेड'."

"'ड्राउन्ड'," पेंड्रेड म्हणाला. सवयीनंच म्हणाला असेल. "'ड्राउन्डेड' असा शब्द नाही, मिसेस कपलडिच."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बायकांमधून एकही हसली नाही.

रूबी त्याच्याकडे वळली. "तुम्ही कसंही म्हणा, साहेब. पोरगं तेवढंच मेलेलं असतं."

मग सभागृहात कुणीच हसलं नाही. रूबी बोलत राहिली. 'डन' म्हणाली, 'सीन' म्हणाली, 'केम'च्या जागी 'कम' म्हणाली, आणि एकदाही अडखळली नाही. ग्लेनिस दाराशी गणवेशात उभी होती. आईनंतर इतक्या वर्षांत असं भरभरून बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. आणि हे सगळं आपण आपल्या तोंडातून काढून टाकलं, ह्याची तिला पहिल्यांदा चीड आली.

मग हात वर झाले. तलाव बंद करण्याच्या बाजूनं दोन हात जास्त भरले.

पेंड्रेडनं कागद गोळा करायला सुरुवात केली. मिस टेनंटनं निकाल लिहून घेतला.

"झालं तुमचं?" रूबीनं विचारलं. "बरं. चला गं."

ती बाहेर पडली आणि घरी न जाता पूल स्ट्रीटकडे वळली. तिच्यामागे सगळी शेड, शेडमागे पोरं, पोरांमागे काही बाप्येही. तलावाच्या रखवालदारानं दार लावून घेतलं होतं. त्यानं गर्दी पाहिली, गर्दीत स्वतःची बायको पाहिली, आणि दार उघडलं. बायकांनी एप्रन कठड्यावर टाकले आणि झग्यांनिशी पाण्यात उतरल्या. माणसं आत असताना पाणी सोडता येत नाही, आणि पाणी सोडल्याशिवाय तलाव पाडता येत नाही. एवढं साधं गणित होतं. पुढे दोन आठवडे त्या पाळ्या लावून पाण्यात राहिल्या, कंत्राटदार कंटाळून निघून गेला, आणि नगरसभेला ठराव मागे घ्यावा लागला. थ्वेट सरांचा खटला उन्हाळ्यात उभा राहिला. त्यांनी मागितलेली माफी रूबीनं ऐकून घेतली आणि नाही म्हणाली. ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिकिटाच्या खिडकीतला फोन वाजला. इन्स्पेक्टर हॉल्डन होता.

"मॉल्टबी, त्या बायकांना बाहेर काढ."

ग्लेनिसनं पाण्याकडे पाहिलं. उथळ बाजूला रूबी कठड्याची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. अख्खं आयुष्य समुद्राकाठी काढलेल्या त्या बाईला पोहता येत नव्हतं.

"मॉल्टबी? ऐकतेस ना?"

"ऐकते साहेब. पण ते जमायचं नाही."

"का?"

"मला काम आहे," ग्लेनिस म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं बूट काढले, टोपी काढून त्यावर ठेवली, अंगातला जाड कोट उतरवला आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. पाणी थंडगार होतं. रूबीजवळ जाऊन तिनं एक तळवा आंटीच्या पोटाखाली धरला, दुसरा हनुवटीखाली.

"सोडा ती नळी आता."

"बुडेन गं मी!"

"बुडू देते का मी तुम्हाला? मान वर करा, आंटी. अजून वर. आता पाय मारा."

रूबीनं नळी सोडली आणि जीव खाऊन पाय मारले. उडालेलं पाणी पार तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलं.